सान फ्रुत्तुओझोच्या मठाला जाताय? मग या चुका टाळा

दर वर्षी एप्रिल लागला की माझ्याकडे एकाच प्रकारचे निरोप यायला लागतात. कुणाची बहीण युरोपला येतेय, कुणाचे सासू-सासरे येताहेत, कुणाच्या ऑफिसातला मुलगा मिलानला आलाय. सगळ्यांनी समुद्राकाठच्या त्या मठाचा फोटो पाहिलेला असतो. हिरव्या डोंगराच्या पोटात राखाडी दगडाच्या कमानी, समोर ओंजळीएवढा गोट्यांचा किनारा आणि तळ दिसेल इतकं नितळ पाणी. प्रश्नही ठरलेला असतो, "दोन तासांत होईल ना?"

नाही होणार. आणि झालंच, तर तुम्ही काहीही न बघता परत आलात असं समजा.

इटलीतल्या जेनोवात राहून मला अकरा वर्षं झाली. वर्षातून पाच-सहा खेपा सान फ्रुत्तुओझोला होतातच, त्यातल्या निम्म्या पाहुण्यांबरोबर. दर खेपेला धक्क्यावर तेच हताश चेहरे आणि पायवाटेवर त्याच पातळ चपला दिसतात. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगून थकलो, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

आधी जागा नीट समजून घ्या. जेनोवाच्या पूर्वेला पोर्तोफिनोचा डोंगर थेट समुद्रात घुसलाय. उंची ६१० मीटर. त्याच्या पश्चिम कुशीला कामोल्यी हे गाव आहे, पूर्वेच्या टोकाला पोर्तोफिनो. या दोन्हींच्या मधे, दक्षिणेला तोंड असलेल्या एका अरुंद खोबणीत हा मठ बसलाय. तिथे गाडीरस्ता नाही. बस, टॅक्सी, स्कूटर, काहीच पोहोचत नाही. बोटीने जायचं, नाहीतर डोंगर चालून उतरायचं. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुका या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

स्टेशनच्या नावावर विसंबू नका

रेल्वेच्या वेळापत्रकात "कामोल्यी–सान फ्रुत्तुओझो" असं स्टेशन आहे. ते वाचून लोकांना वाटतं, उतरलं की मठ समोर. स्टेशन कामोल्यी गावात आहे. तिथून उतार उतरून बंदरावर जायचं आणि मग बोटीने अर्धा तास. "सांता मार्गेरिता लिगुरे–पोर्तोफिनो" या स्टेशनाचंही तसंच. उतरल्यावर पोर्तोफिनो पाचेक किलोमीटर लांब राहतं. ज्यांनी गाडी पोहोचण्याची वेळ आणि बोट सुटण्याची वेळ यांत दहा मिनिटं ठेवलेली असतात, त्यांचा दिवस इथेच विस्कटतो. मी निदान पाऊण तास ठेवतो. त्या वेळात बंदरावरच्या बेकरीतून फोकाच्या, म्हणजे इथला चपटा तेलकट पाव, घेता येते.

आभाळ निळं म्हणजे समुद्र शांत, असं समजू नका

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती माझ्या हातून, माझ्याच माणसांच्या बाबतीत झाली आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात गुहागरहून माझी आत्या आणि काका आले होते. दोघांचं सगळं आयुष्य समुद्राकाठी गेलेलं. सकाळी साडेनऊला आम्ही कामोल्यीच्या धक्क्यावर उभे होतो. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "अरे, भरती किती वाजताची?" कोकणातल्या माणसाला हाच प्रश्न सुचणार. मी म्हटलं, "काका, या समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम वीतभर." ते खरंच आहे. आपल्याकडे जिथे पुरुषभर पाणी चढतं-उतरतं, तिथे इथे धक्क्यावरच्या शेवाळाची रेघसुद्धा फारशी भिजत नाही. काकांनी मान डोलावली. भरती नाही म्हणजे काळजी नाही असं त्यांनी धरलं, आणि मीही विषय तिथेच सोडला.

खरी गोष्ट सांगायची राहूनच गेली. या किनाऱ्यावर पाण्याच्या पातळीला महत्त्व नाही, वाऱ्याच्या दिशेला आहे. वारा उत्तरेकडून, डोंगरामागून आला तर त्याला त्रामोन्ताना म्हणतात. तो कितीही बोचरा असला तरी किनाऱ्यालगतचं पाणी सपाट ठेवतो. नैर्ऋत्येकडून येतो तो लिबेच्चो आणि आग्नेयेकडून येतो तो शिरोक्को. मठाची खोबण दक्षिणेला उघडी असल्यामुळे हे दोन्ही वारे लाटा थेट आत आणून सोडतात. वारा इथेच वाहायला हवा असंही नाही. दूर कोर्सिकाच्या बाजूला लिबेच्चो सुटला असला, तर त्याने उठवलेल्या लाटा काही तासांनी इथे पोहोचतात, तेव्हा इथलं आभाळ स्वच्छच असतं. खलाशी त्याला "मारे लुंगो" म्हणतात, लांब समुद्र. लाटा उंच दिसत नाहीत. दोन लाटांमधलं अंतर मोठं असतं आणि प्रत्येक लाटेत पाणी खूप असतं.

त्या सकाळी तिकीटखिडकीवरच्या बाईंनी सुटे पैसे देताना हेच दोन शब्द उच्चारले होते. मी ऐकले आणि बोटीत चढलो.

दुपारी अडीचला परतीची बोट आली. धक्क्याला लागायला गेली तशी एका लाटेने तिला धक्क्याच्या वर उचललं आणि दुसऱ्या क्षणी खाली सोडलं. फळी टाकायची सोयच नव्हती. कप्तानाने मागे घेऊन पुन्हा एकदा प्रयत्न केला, मग हात हलवून बोट वळवली. थोड्या वेळाने फेऱ्या बंद झाल्याचं जाहीर झालं. किनाऱ्यावर शंभरेक माणसं होती. लहान मुलं होती, एक बाळंतीण होती, उंच टाचांच्या सॅंडलमधल्या दोघी होत्या. बरेच जण "येईल पुढची" म्हणत बसून राहिले. मी अर्ध्या तासाने चालायचं ठरवलं, आणि तो निर्णयही उशिराच घेतला असं मला आजही वाटतं.

आत्या एकसष्ट वर्षांची. पायात पातळ तळाच्या चपला. किनाऱ्यावरच्या खानावळीतल्या एका मुलीने स्वतःचे कॅनव्हासचे बूट काढून दिले. ते एक नंबर मोठे होते, म्हणून आत कागद कोंबला. मठामागून पोर्तोफिनोची वाट सुरू होते ती नागमोडी चढणीनेच. दगडी पायऱ्या, दोन्हीकडे सदाहरित ओक, आणि दोनशे मीटरांहून जास्त चढ. वर पोहोचल्यावर वाट सोपी होते, पण मग पोर्तोफिनोकडचा उतार लागतो आणि उतारावर गुडघा बोलायला लागतो. सवयीचा माणूस ही वाट दीड ते दोन तासांत करतो. आम्हाला सव्वातीन तास लागले. पुढे बस, मग रेल्वे. घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. आत्याने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी तिचा गुडघा सुजून टम्म झाला आणि रोमची चार दिवसांची सहल रद्द करावी लागली. काका एवढंच म्हणाले, "वाऱ्याचं सांगायला हवं होतंस रे. ते आम्हाला कळलं असतं."

कळलंच असतं. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद का असते हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. इथे ऊन असतं, हातात आइस्क्रीम असतं, म्हणून आपण तेच शहाणपण विसरतो. २९ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री याच समुद्राने सांता मार्गेरिताहून पोर्तोफिनोला जाणारा डांबरी रस्ता तोडून टाकला होता, हे इथल्या माणसांना अजून आठवतं.

त्या दिवसापासून माझे काही नियम ठरलेत. दोन दिवस आधीपासून वाऱ्याची दिशा आणि लाटांची उंची बघतो. नैर्ऋत्य किंवा आग्नेय दिसलं आणि लाट पाऊण मीटरच्या वर असली, तर पाहुण्यांना जेनोवाचं मत्स्यालय दाखवतो. खिडकीवर तिकीट घेताना विचारतो, "इल रितोर्नो ए सिकुरो?" म्हणजे परतीची खात्री आहे का? ती माणसं खरं सांगतात. त्यांनी खांदे उडवले तर मी तिकीट घेत नाही. बरोबरच्या प्रत्येकाच्या पाठपिशवीत बूट असलेच पाहिजेत, आणि बोटीत चढण्याआधी मी ते डोळ्यांनी बघतो. दुपारी एक वाजता धक्क्यावर जाऊन पाच मिनिटं पाणी बघत उभा राहतो. दगडावर पाणी चढायला लागलेलं दिसलं की लगेच मिळेल त्या बोटीने परत. जेवण राहिलं तरी राहू दे.

एकीकडून जाऊन दुसरीकडे उतरायचं असेल, तर जाण्या-येण्याचं तिकीट काढू नका

कामोल्यीकडून येणाऱ्या बोटी एका कंपनीच्या आहेत. पोर्तोफिनो, सांता मार्गेरिता, रापाल्लो बाजूच्या दुसऱ्या कंपनीच्या. एकीचं तिकीट दुसरीला चालत नाही. धक्क्यावर वाद घालून उपयोग नसतो. मी एकेरीच तिकीट काढतो. सकाळी कामोल्यीहून बोटीने जातो आणि परत पोर्तोफिनोपर्यंत चालत. म्हणजे शेवटच्या बोटीची टांगती तलवार डोक्यावर राहत नाही. पाय थकले आणि समुद्र बरा असला, तर तिथेच पोर्तोफिनोच्या बोटीचं तिकीट मिळतं.

शेवटच्या बोटीवर भिस्त ठेवू नका

ऑगस्टमध्ये शेवटच्या बोटीला सगळा किनारा एकदम उठून रांगेत येतो. तिच्या आधीची धरा. हिवाळ्यात फेऱ्या इतक्या कमी होतात की वेळापत्रक त्याच सकाळी पुन्हा बघावं लागतं. मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी लेखातल्या वेळा धरून निघालेली माणसं मी नोव्हेंबरात रिकाम्या धक्क्यावर पाहिली आहेत.

"नकाशावर तर जवळच दिसतंय" म्हणून कामोल्यीहून खालच्या वाटेने निघू नका

ही चूक जास्त करून तरुण मुलं करतात, आणि त्यातही सह्याद्रीत फिरलेली मुलं. ट्रेकचा अनुभव असणं चांगलंच, पण तो इथल्या दगडाशी जुळवून घ्यावा लागतो.

कामोल्यीहून मठाकडे जायच्या दोन वाटा नीट लक्षात ठेवा. दोन्ही आधी पायऱ्यांनी सान रोक्को या वाडीपर्यंत चढतात, म्हणजे समुद्रापासून सव्वादोनशे मीटर वर. सान रोक्कोच्या चर्चसमोरच्या कठड्यावरून जेनोवाची सगळी खाडी दिसते. पायऱ्या नको असतील तर तिथवर बसही जाते. तिथून एक वाट डोंगराच्या वरच्या अंगाने, झाडीतून प्येत्रे स्त्रेत्तेला जाते आणि मग सरळ मठाकडे उतरते. प्येत्रे स्त्रेत्ते म्हणजे अरुंद दगड. ही जागा साधारण साडेचारशे मीटरवर आहे, आणि मोठमोठ्या शिळांमधून वाट निघते म्हणून हे नाव. दमछाक होते, पण वाट रुंद आणि सरळ आहे.

दुसरी वाट समुद्राच्या अंगाने जाते. आधी लागतात बात्तेरिए, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या तोफांच्या काँक्रीटच्या कोठड्या. इथपर्यंत कुणीही जावं, बघण्यासारखी जागा आहे. पण पुढे कडा सुरू होतो. पाय ठेवायला जेमतेम जागा, हाताला कातळात ठोकलेल्या साखळ्या आणि खाली सरळ समुद्र. पास्सो देल बाच्यो ही खिंड याच टप्प्यात येते. नाव चुंबनखिंड असं गोड आहे, म्हणून लोक फोटोसाठी तिकडे धावतात. पाटीवर ही वाट अनुभवी लोकांसाठी आहे असं लिहिलेलं असतं. ती पाटी वाचूनही पुढे जाणारे मी दर खेपेला बघतो.

गेल्या ऑक्टोबरात एका सहकाऱ्याचा धाकटा भाऊ मित्राला घेऊन निघाला. आदल्या रात्री पाऊस झाला होता. फोनवर मी त्याला वरच्या वाटेने जा म्हणून सांगितलं. त्याचं उत्तर, "दादा, आम्ही हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलोय." फोनमधल्या नकाशाने पाच किलोमीटरच्या आत अंतर दाखवलं होतं, म्हणून त्याने तासाभराचा हिशोब केला. ही वाट तीन तासांची आहे.

सह्याद्रीचा काळा कातळ खरबरीत असतो, बूट त्याला धरून राहतो. या डोंगराची दक्षिण बाजू वेगळ्याच दगडाची आहे. इथले लोक त्याला पुद्दिंगा म्हणतात. नदीतले गोल गुळगुळीत गोटे सिमेंटमध्ये घालून थापावेत तसा तो दिसतो. ऊन असताना पाय टिकतो. ओला झाला की प्रत्येक गोटा साबणाच्या वडीसारखा होतो, आणि ऑक्टोबरात त्यावर कुजलेला पाला असतो. तो मुलगा साखळ्यांच्या दुसऱ्या टप्प्यात घसरला. साखळी हातात होती म्हणून खाली गेला नाही, पण सगळं वजन एका मनगटावर आलं आणि हाड मोडलं. मित्राने त्याला दोन तास धरून धरून मागे आणलं. पाण्याची एकच अर्ध्या लिटरची बाटली होती दोघांत. त्यांनी मला फोन केला तो सान रोक्कोला पोहोचल्यावर. ११२ ला फोन करायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. इटलीत कुठेही अडकलात तर ११२ लावा, आणि त्यासाठी फोनची बॅटरी फोटोंमध्ये संपवू नका.

मला राग येतो तो धाडसाचा नाही. मी स्वतः ती वाट चार वेळा गेलो आहे. चारही वेळा कोरड्या दिवशी, सकाळी लवकर, दोन लिटर पाणी आणि जाड तळाचे बूट घालून, बरोबर वाट माहीत असलेलं माणूस. राग येतो घाईचा. तीन तासांची वाट एका तासात बसवायची, मग उशीर झाला म्हणून साखळ्यांच्या टप्प्यात पाय भरभर टाकायचे. त्या वाटेवरून खाली काला देल ओरो नावाची निळी, संरक्षित खोबण दिसते. सागरी अभयारण्याचा तो सगळ्यात कडक भाग, तिथे बोटीने जायलाही बंदी आहे. ती फक्त वरूनच बघता येते. घाईतल्या माणसाला ती दिसतच नाही, तो पायाखाली बघत असतो.

छोट्या पण दर वेळी दिसणाऱ्या चुका

चाकांची सुटकेस आणू नका. धक्क्यावरून मठापर्यंत पायऱ्या आणि गोटेच आहेत. बाबागाडीचंही तेच, बाळाला अंगावर बांधून न्या.

रेल्वेचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात टोचून घ्या, नाहीतर दंड.

जेवणाचं: मठाजवळ दोन-चारच खानावळी आहेत, दुपारी गच्च भरतात आणि स्वयंपाकघर बंदही होतं. शाकाहारी मंडळींनी तर तिथल्या यादीवर अवलंबून राहूच नये. बहुतेक पदार्थ मासळीचे. मी कामोल्यीहून फोकाच्या बांधून नेतो. शेजारच्या रेक्को गावची चीज घातलेली फोकाच्या प्रसिद्ध आहे, पण ती गरमच खावी, बांधून नेली की चामट होते. बांधून न्यायला साधी मीठ-तेलाची किंवा कांद्याची बरी.

गोट्यांच्या किनाऱ्यावर अनवाणी चालणं जमत नाही. पाण्यात घालायचे रबरी बूट घ्या.

पुंता क्याप्पा या टोकाजवळून बोट जाते तेव्हा फोन खाली ठेवा आणि पाण्यावरचे तरंगे बघा. एप्रिल ते सप्टेंबर तिथे तोन्नारेल्ला लावलेलं असतं, म्हणजे टुना वगैरे मासे पकडायचं एका जागी बसवलेलं जुन्या पद्धतीचं जाळं. ते नारळाच्या काथ्याचं विणतात. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बोटीच्या कठड्यावरून मान वळवून वळवून ते बघितलं. आमच्या त्या दिवसातला तो सगळ्यात चांगला क्षण होता.

पाण्याखालचा ख्रिस्त बोटीतून दिसेल, अशी आशा धरून येऊ नका

दर खेपेला बोटीत कुणीतरी कठड्यावर वाकून मूर्ती शोधत असतं. ती मूर्ती सुमारे सतरा मीटर खोल आहे. अडीच मीटर उंचीचा, दोन्ही हात वर पसरलेला काशाचा ख्रिस्त, शिल्पकार ग्विदो गाल्लेत्ती. १९५४ च्या ऑगस्टमध्ये तिला तळाशी बसवलं. १९४७ साली याच भागात दारिओ गोन्झात्ती हा इटलीतल्या पहिल्या पाणबुड्यांपैकी एक बुडून गेला होता. त्याचा मित्र दुइलिओ मार्कांते याची ही कल्पना. खेळाडूंची आणि सैनिकांची पदकं, जहाजांच्या घंटा असं काय काय लोकांनी दिलं आणि ते वितळवून मूर्ती ओतली गेली.

ती बघायची तर परवानगी असलेल्या केंद्राबरोबर डायव्हिंग करावं लागतं. पोहता येतं म्हणून एकट्याने डोळ्यांना चष्मा लावून तिकडे जाऊ नका, बोटींची ये-जा असते. एका बोटीच्या नांगराने खुद्द मूर्तीचा हात तोडला होता. तिला वर काढून दुरुस्त केलं आणि २००४ मध्ये परत खाली ठेवलं. डायव्हिंग करणार नसाल तर गावातल्या छोट्या चर्चमध्ये तिची प्रतिकृती आहे, तिथे जा. जुलैच्या अखेरीस रात्री मूर्तीला लॉरेलच्या पानांची माळ वाहतात. त्या दिवशी गर्दी भयंकर असते, पण तेव्हा जायचं ठरवलंत तर गर्दीसाठीच जा.

मठात न जाता परत येऊ नका

ही चूक वाचताना खोटी वाटेल, पण माझ्या अंदाजाने किनाऱ्यावर उतरणाऱ्या दहातले सहा जण मठाचं दार ओलांडत नाहीत. कमानींसमोर फोटो, पाण्यात डुबकी, परत बोट. एवढा प्रवास करून येतात आणि ज्याच्यासाठी ही जागा आहे तेच राहून जातं. बंद होण्याच्या वेळेच्या बरंच आधी तिकीट देणं थांबवतात, म्हणून "आधी पोहून घेऊ, मग बघू" म्हणणारे दाराशी येतात तेव्हा उशीर झालेला असतो. माझा क्रम उलटा आहे. बोटीतून उतरलो की सरळ आत. सकाळी पहिल्या तासात तिथे माणूस नसतं.

मठ इथे का, हा प्रश्न मनात ठेवून आत जा. फ्रुत्तुओझो हे तारागोनाचे बिशप, इसवी सन २५९ मध्ये त्यांना जाळून मारलं. पुढे स्पेनमध्ये अरबांची स्वारी झाली तेव्हा त्यांच्या अस्थी घेऊन काही धर्मगुरू समुद्रमार्गे पळाले आणि स्वप्नात दिसलेल्या जागी, गुहा आणि झरा असलेल्या या खोबणीत उतरले, अशी आख्यायिका आहे. झरा मात्र आख्यायिकेतला नाही. डोंगरातून येणारं गोडं पाणी आजही मठाखालून वाहतं, आणि कोकणातल्या माणसाला सांगायला नको की खाऱ्या किनाऱ्यावर गोड्या पाण्याची किंमत काय असते. आज दिसतो त्यातला सगळ्यात जुना भाग दहाव्या-अकराव्या शतकाचा. नंतर बेनेडिक्टाइन साधू आले. तेराव्या शतकात जेनोवाच्या दोरिया घराण्याने पैसा ओतला आणि बदल्यात आपल्या मृतांसाठी इथे जागा मिळवली. शेजारचा चौकोनी बुरूज १५६२ चा. चाच्यांपासून वस्तीचं रक्षण व्हावं म्हणून याच घराण्यातल्या आंद्रेआ दोरिया या आरमारप्रमुखाच्या वारसांनी तो बांधला.

ज्या किनाऱ्यावर लोक टॉवेल अंथरतात, तोही जुना नाही. १९१५ च्या पुरात ओढ्याने डोंगरातला राडारोडा खाली आणला, चर्चचा पुढचा भाग कोसळला आणि त्या भरावाने समुद्र मागे सरला. त्याआधी पाणी जवळजवळ कमानींपर्यंत यायचं. किनाऱ्यावर उभं राहून मागे वळून बघा, मग कमानी अशा का बांधल्या ते कळेल. १९८३ मध्ये दोरिया पांफिली कुटुंबाने हे सगळं फाय या इटलीचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेला देऊन टाकलं. आज डागडुजी तीच करते, तिकिटाचे पैसे तिकडेच जातात. ते वाचवण्यात काही हशील नाही.

आत दुमजली ओवऱ्या आहेत, खोदकामात सापडलेली मातीची जुनी ताटं-वाडगे आहेत. पण वेळ कमी असेल तर ते सोडा आणि दोरियांच्या थडग्यांकडे जा. पांढऱ्या संगमरवराचे आणि राखाडी दगडाचे आलटून पालटून पट्टे, टोकदार कमानी, १२७५ ते १३०५ या काळातली. खिडकीतून समुद्राचा उजेड येतो आणि पट्ट्यांवरून सरकत राहतो.

त्या सरदारांच्या सोबतीला एक कोळीण पुरलेली आहे, मारिया आवेन्यो. १८५५ च्या एप्रिलमध्ये क्रीमियाच्या युद्धावर सैनिक घेऊन निघालेलं क्रोएसस नावाचं इंग्रजी जहाज या खोबणीसमोर पेटलं. मारिया आपली छोटी होडी घेऊन जळत्या जहाजाकडे गेली आणि पाण्यात उड्या मारलेल्या माणसांना ओढून काढू लागली. इतक्या माणसांनी एकदम होडीला हात घातला की होडी उलटली, आणि ती बुडाली. घरी तिची मुलंबाळं होती. दोरियांनी साडेपाचशे वर्षं फक्त आपल्या घराण्यासाठी राखलेल्या जागेजवळ मग तिला जागा दिली गेली.

आत्याला मी त्या दिवशी तिथे नेलं होतं. ती बराच वेळ उभी राहिली. मग बाहेर आल्यावर किनाऱ्यावरच्या खानावळीबाहेर उलट्या घालून ठेवलेल्या होड्यांकडे बघून तिने विचारलं, "होडी एवढीच असेल का रे तिची?" साधारण एवढीच असेल, मी म्हटलं. तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि दगडांवर पाणी चढायला लागलं होतं.